बँडसॉचा पट्टा: पाच-सहा धारांतच चिरा, फळीला पोट. धार लावत राहायचं की पट्टाच बदलायचा?

फळीफोड

जाणकारांनी जरा लक्ष घालावं. मशीन उभी बँडसॉ (दोन चाकांवर फिरणाऱ्या दातेरी पट्ट्याने लाकूड कापणारी करवत), दोन्ही चाकं 36 इंची, खालचं चाक मिनिटाला साधारण 700 फेरे, चाकांच्या केंद्रांतलं अंतर 5 फूट. पट्टा 3 इंच रुंद, दाताच्या टोकापासून टोकापर्यंत सव्वा इंच. वर ताणायला वजनाचा लिव्हर नाही, नुसता स्क्रू आहे. माल मिश्र: आंबा, फणस, ऐन, किंजळ, थोडा साग, मधूनच रस्त्याकडेची बाभूळ.

तक्रारी अशा. नवा पट्टा पाच-सहा वेळा धार लावून होतो न होतो तोच दातांच्या मुळाशी बारीक चिरा दिसायला लागतात. दुसरं म्हणजे 10 फुटी ऐनाच्या ओंडक्यात फळी टोकांना 1 इंच आणि मध्यात सव्वा इंच निघते. आंब्यात हा त्रास जवळजवळ नाही. धार लावणारा म्हणतो पट्ट्याचं पोलादच हलकं, दुसरीकडून घ्या. दुकानदार म्हणतो धार लावणारा बिघडवतोय. पट्टा बदलावा की आधी आणखी काही बघावं?

वखारकर

गेज (पट्ट्याच्या जाडीचा नंबर) लिहिलं नाहीत, आणि सगळ्यात आधी तेच बघायचं. बिलावरचं नको, मायक्रोमीटरने मोजा. दात सोडून पाठीकडच्या बाजूला मोजायचं, नाहीतर फाकवलेल्या (डावी-उजवीकडे किंचित वाकवलेल्या) दातामुळे आकडा चुकेल.

साधा नियम असा की पट्ट्याची जाडी चाकाच्या व्यासाच्या हजाराव्या भागापेक्षा जास्त नको. 36 इंच म्हणजे 914 मिमी, म्हणून जाडी 0.9 मिमी, म्हणजे 20 गेज. 42 इंची चाकाला 19 गेज (1.02 मिमी), 48 इंचीला 18 गेज (1.22 मिमी). हे एसडब्ल्यूजी या गेजपद्धतीचे आकडे. काही दुकानदार बीडब्ल्यूजी ही दुसरी पद्धत सांगतात, त्यात 19 म्हणजे 1.07 आणि 20 म्हणजे 0.89. त्यामुळे मागवताना मिमीच सांगावं, गेज सांगून भांडण नको.

जाड पट्टा मजबूत असणार असं सगळ्यांना वाटतं. पण तो चाकावर वाकतो तेव्हा त्याच्या पृष्ठभागावर येणारा ताण जाडीच्या प्रमाणात वाढतो. तुमच्या मशीनचा हिशोब करू. चाकाचा परीघ 2.87 मीटर, 700 फेरे म्हणजे मिनिटाला 2010 मीटर, सेकंदाला साडेतेहतीस. पट्ट्याची लांबी 19 फूट 5 इंचांच्या आसपास, म्हणजे 5.92 मीटर. मिनिटाला 340 चकरा आणि प्रत्येक चकरीत दोन चाकांवर दोनदा वाकणं. तासाला 40 हजारांच्या वर वाकणी झाली. 20 गेजचा पट्टा हे निभावतो. 19 गेजवर दर वाकणीला 11 टक्के जास्त ताण येतो, आणि जिथे खोबणीत (दोन दातांमधल्या खाचेत) बारीकसा ओरखडा असेल तिथून चीर सुरू होते.

ऐरण_हातोडी

गेजशी सहमत. पण पाच-सहा धारांत चिरा म्हणजे ग्राइंडिंगकडे बोट दाखवावंच लागेल. पट्ट्याची चीर बहुतेक वेळा दोन दातांमधल्या खोबणीच्या तळाशी उगवते. तिथे बघायच्या गोष्टी दोनच: तळ गोल आहे की कोपरा पडलाय, आणि रंग.

धार लावून आलेला पट्टा उन्हात धरा. खोबणीत किंवा दाताच्या टोकाशी निळा-जांभळा रंग दिसला तर तिथलं पोलाद 300 अंशांच्या पुढे गेलं. टोक तिथे मऊ पडतं. त्याहून जास्त तापून क्षणभर लाल झालं आणि आजूबाजूच्या थंड पट्ट्याने ती उष्णता लगेच ओढून घेतली, की तो थर काचेसारखा कडक आणि ठिसूळ होतो. ओळखायचं कसं, तर बारीक कानस मारून बघा. खाल्ली तर ठीक, वरून घसरली तर थर कडक झालाय. तो थर पहिल्या काही हजार वाकण्यांतच तडकतो आणि मग चीर आत जाते. पोलाद हलकं की भारी हा प्रश्न तिथे उरतच नाही.

पाठीकडून चिरा येत असतील तर कारण वेगळं. पट्टा मागच्या आधाराच्या रोलरवर सतत घासतोय, पाठ तापून कडक झालीय.

फळीफोड

मोजलं. 1.02 निघाला, म्हणजे 20 सांगून 19 दिलाय. चिरा सगळ्या खोबणीतच, पाठ स्वच्छ आहे. निळे डाग आहेत, जवळजवळ प्रत्येक तिसऱ्या-चौथ्या दाताला. ग्राइंडरचं चाक 6 मिमी जाडीचं, कडा चौकोनी. खोबणीच्या तळाशी पुढच्या बाजूला नखाला लागेल असा कोपरा आहे.

ऐरण_हातोडी

मग उत्तर मिळालंच.

सव्वा इंची म्हणजे 32 मिमी अंतराच्या दातांना ग्राइंडिंग चाक त्या अंतराच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं जाड लागतं, म्हणजे 10 मिमीच्या आसपास. तुमचं 6 मिमीचं चाक खोबणीत टोकाने घुसतं, तळाला रेघ पाडतं आणि तिथेच तापतं. अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचं, 60 ग्रिटच्या (कणांच्या बारीकपणाचा नंबर) आसपासचं, मऊ बांधणीचं चाक घ्या. मऊ बांधणीचं अशासाठी की बोथट झालेले कण गळून नवे उघडे पडतात. कडक चाक स्वस्त वाटतं, झिजत नाही, आणि पट्टा जाळतं.

चाकाची कड ड्रेसरने (ग्राइंडिंग चाकच घासून आकार देणाऱ्या हत्याराने) गोल करायची, कोपरा अजिबात ठेवायचा नाही. पूर्ण पट्ट्याची एक फेरी झाली की पुन्हा ड्रेस. चाक चकचकीत दिसायला लागलं म्हणजे ते कापत नाही, नुसतं घासतंय.

एका फेरीला 0.1 मिमीपेक्षा जास्त उतरवू नका. पट्टा एकदा पूर्ण फिरवायचा, मग पुढची फेरी. तीन फेऱ्या पुरतात. एकाच दमात 0.3 घेणारे वेळ वाचवतात आणि निळे डाग तिथूनच येतात. दाताचा पुढचा चेहरा, खोबणीचा तळ आणि दाताची पाठ हे तिन्ही चाकाने एका सलग हालचालीत घासायचं. फक्त टोक चमकवून आणलेला पट्टा दिवसभर कापेल, पण खोबणीतल्या सूक्ष्म चिरा तिथेच राहतात आणि पुढच्या वेळी मोठ्या झालेल्या दिसतात. खोबणीतून दर वेळी 0.2 ते 0.3 मिमी धातू निघायलाच हवा. धार काय, कोणीही लावतो. खोबण घासून घेण्यासाठीच पट्टा पाठवायचा असतो.

खोबणीची खोली जाडीच्या दहापटीच्या आत, म्हणजे 20 गेजला 9 मिमी. घासत घासत खोली वाढत गेली तर दात लांब आणि लवचीक होतो, कठीण लाकडात थरथरतो.

शेवटच्या फेरीनंतर दाताच्या कडेला राहिलेली बारीक धातूची किनार तेलाच्या दगडाने हलकेच काढा. नाहीतर पहिल्या ओंडक्यात ती एका बाजूची आधी तुटते आणि पट्टा दुसऱ्या बाजूला ओढतो.

सागफळी

हुकचा कोन (दाताचा चेहरा पुढे किती झुकलेला तो) किती ठेवावा? आंब्याला चालणारा कोन ऐनात चालत नाही असं ऐकतो. मिश्र मालाला दोन पट्टे ठेवायचे का?

वखारकर

दोनच काय, तीन-चार ठेवा, पण ते फिरवण्यासाठी. रुंद पट्ट्याला आंबा, शिवण, सिल्व्हर ओक अशा मालात 20 ते 25 अंश चालतात. ऐन, किंजळ, वाळलेली बाभूळ यांत 12 ते 15. जास्त हुकचा दात लाकडात स्वतःहून घुसतो. मऊ मालात ते सोयीचं, पण ऐनात टोक घुसून अडकतं, पट्टा पुढे खेचला जातो आणि फळीला पोट निघतं. मिश्र मालाला 18 च्या आसपास तडजोड करतात. रोज ऐन येत असेल तर एक पट्टा 15 चा वेगळा ठेवलेला बरा, त्याच्या पाठीवर रंगाचा ठिपका मारा म्हणजे मिसळत नाही.

साग कठीण नाही, पण त्यात सिलिका असते, ती टोक झिजवते. सागाला कोन नाही, वेळ बदला: पट्टा लवकर उतरवा. नारळाचं खोड तर धार खाण्यात सगळ्यांच्या वरताण.

मिस्त्री_कुडाळ

कोनाचं सगळं बरोबर, पण पोट निघण्यात अर्धा वाटा दात फाकवण्याचा, म्हणजे सेटचा असतो. कोणी बोललंच नाही म्हणून लिहितो.

दात किती फाकवायचा ते डायल गेजने मोजा, डोळ्याने नाही. 20 गेजला एका बाजूला 0.35 ते 0.45 मिमी. वाळलेल्या कठीण मालाला कमी, ओल्या आणि तंतुमय मालाला जास्त. एक डावा एक उजवा असा साधा सेट असेल तर पट्ट्याच्या निम्म्या जाडीपेक्षा जास्त फाकवून उपयोग नाही. 0.91 ची निम्मी 0.45. त्याच्या वर गेलात तर डावा दात आणि उजवा दात यांच्या मध्ये लाकडाची एक बारीक पट्टी कापली न जाता उरते, ती पट्ट्याला दोन्हीकडून ढकलते. ओल्या आंब्यासाठी त्याहून जास्त जागा हवीच असेल तर डावा, उजवा, सरळ असा तिसरा सरळ दात ठेवावा लागतो.

वाकवायचा तो दाताचा वरचा तिसरा भाग. 9 मिमीच्या दातात टोकापासून 3 मिमी. मुळापासून वाकवलेला दात कापताना परत सरळ होतो, आणि मुळाशी चीर पाडून जातो ती वेगळीच.

दोन्ही बाजूंत फरक 0.05 मिमीच्या आत हवा. पट्टा नेहमी ज्या बाजूला सेट जास्त किंवा धार ताजी त्या बाजूला पळतो. म्हणून फळी एकाच दिशेला जात असेल तर सेट तपासा. आधी इकडे मग तिकडे अशी नागमोडी असेल तर ताण, धार किंवा गाईड (पट्टा दोन्ही बाजूंनी सावरणारा आधार).

आणि आधी सेट, मग धार. सेट करताना टोकाला दाब येतो, कोपरा किंचित मोडतो, तो नंतरच्या धारेत साफ होतो.

ऐरण_हातोडी

मी उलट सांगेन. आधी धार, मग सेट. धार लावताना टोकावरून धातू जातो तसा सेट कमी होतो. आधी 0.40 केलात तर धारेनंतर 0.37-0.38 उरतो.

मिस्त्री_कुडाळ

उरू दे की. दोन शतांश मिलिमीटरने ऐन अडत नाही, मोडलेल्या कोपऱ्याने अडतो. हवं तर 0.42 करून घ्या. दोन्ही पद्धतीने चालणाऱ्या वखारी आहेत, वाद घालण्यात अर्थ नाही. मात्र दर धारेला सेट करायची गरज नसते. मोजा, 0.35 च्या वर असेल तर तसाच लावा. दात पुन्हा पुन्हा वाकवला की मुळाशी थकतो.

भुसा_उडवा

फळीच्या पोटाबद्दल. नुसता स्क्रू आहे म्हणालात, तिथेच मेख आहे. कापताना पट्टा तापतो. 30 अंश तापला तर 19 फुटी पट्टा 2 मिमी लांबतो. वजनाचा लिव्हर असता तर वरचं चाक त्याच्या निम्मं, 1 मिमी, आपोआप उचललं जाऊन ताण तसाच राहिला असता. स्क्रूला जाड स्प्रिंग नसेल तर ते 2 मिमी थेट ताणातून वजा होतात, आणि सकाळी घट्ट वाटणारा पट्टा तिसऱ्या ओंडक्याला ढिला असतो. बरं, माणूस मग गरम पट्टा आवळतो आणि संध्याकाळी तसाच सोडून घरी जातो. रात्री पट्टा थंड होऊन आखडतो, सगळा ताण खोबणीतल्या चिरांवर. वजनाचा लिव्हर बसवून घेणं एकदाचा खर्च आहे, करा. तोवर संध्याकाळी स्क्रू न चुकता सोडा.

गाईड: वरचा गाईड ओंडक्याच्या वर चार बोटांपेक्षा उंच नको. सहा इंची ओंडका कापताना गाईड दोन फुटांवर असेल तर कुठलाच पट्टा सरळ जाणार नाही. लाकडी गुटक्यांचे गाईड असतील तर पट्टा आणि गुटका यांच्यात पोस्टकार्डाच्या कागदाएवढी फट, दोन्हीकडे सारखी. गुटके झिजून तिरके झालेत का ते बघा, ते दहा मिनिटांत बदलता येतात आणि कोणी बदलत नाही.

ढकलण्याचा वेग. ऐन कठीण म्हणून हळूहळू ढकलणारे बरेच. तुमच्या मशीनवर सेकंदाला हजारच्या वर दात जातात. 10 फुटी ओंडका 25-30 सेकंदांत गेला तर प्रत्येक दाताला 0.1 मिमीच्या आसपास लाकूड मिळतं, ते ठीक. पूर्ण मिनिट लावलंत तर 0.05. तेव्हा दात कापत नाही, घासतो. भुसा पिठासारखा होतो, खोबणीत न राहता पट्ट्याच्या बाजूने निसटून फळीवर चिकटतो, पट्टा तापतो आणि मग पोट. भुसा हातात घेऊन बघा: दाणेदार हवा, पीठ नको. त्याउलट ओंडक्याची उंची दुप्पट असेल तर ढकलण्याचा वेग निम्मा करा, कारण खोबणीची जागा तेवढीच आहे. भरली की पट्टा वळणारच.

सागफळी

फणसाचा चीक पट्ट्यावर आणि चाकावर थापला जातो, त्याचं काय करता?

भुसा_उडवा

चाकावर चीक आणि भुशाचा थर बसला की पट्टा उचलला जातो, चालताना पुढे-मागे सरकतो. खालच्या चाकाला लाकडी किंवा पितळी पट्टीचा खरवडणारा लावा, चाकाला जेमतेम टेकेल असा. पट्ट्याला डिझेलमध्ये भिजवलेला नमद्याचा तुकडा. डिझेल ठिबकायला नको, ओलावा पुरे, फळीवर डाग पडले की गिऱ्हाईक ओरडतं. दिव्याजवळ, वेल्डिंगजवळ हे करू नये हे सांगायला नकोच.

छोटी_मिल_बेळगाव

आडव्या, वाहून न्यायच्या मिलवाल्यांसाठी थोडं वेगळं. तिथे पट्टा सव्वा ते दीड इंच रुंद, 1.07 मिमी जाड, दात 22 मिमीवर, टोकं इंडक्शनने कडक केलेली. हुक 10 अंश सर्वसाधारण, वाळलेल्या कठीण मालाला 7 किंवा 4. सेट डावा-उजवा-सरळ, बाजूला 0.5 मिमीच्या आसपास. दोन तास चालवला की उतरवायचा, तुटायची वाट बघायची नाही, उलटा लटकवून ठेवायचा. पाण्यात भांडी धुवायच्या साबणाचे काही थेंब टाकून बारीक धार सोडायची. काम संपलं की पट्टा फडक्याने कोरडा करून तेलाचा हात. खोबणीतला गंज म्हणजे चिरेला आयतं आमंत्रण.

दात चाकाच्या कडेबाहेर राहतात का ते बघा. खोबण चाकाच्या पुढे 3 मिमीतरी बाहेर हवी. दात चाकावर चढले की पहिल्याच मिनिटात सेट चपटा.

अशा पट्ट्याला 8-10 धारा झाल्या की जोड वगैरे करत बसू नये, नवा लावावा. तिथे धारेची मजुरी आणि नव्याची किंमत यांतलं अंतर फार नसतं. रुंद पट्ट्याचं गणित वेगळं, ते इथल्या जुन्या मंडळींनी सांगावं.

फळीफोड

तेच विचारणार होतो. सध्याच्या पट्ट्यावर मोजून सात चिरा आहेत. पाच 3-4 मिमीच्या, दोन 12 मिमीच्या. दोघी शेजारी-शेजारी, मध्ये चार दात. टाकावा का?

वखारकर

रुंदीच्या दहाव्या भागापर्यंतची चीर, म्हणजे 3 इंचीला 7-8 मिमी, थांबवता येते. चीर कुठे संपते ते आधी नीट शोधा: रॉकेल लावून पुसा आणि वरून खडू घासा, चिरेतलं रॉकेल खडूत उमटतं. जिथे संपते त्याच्या जरा पुढे, चिरेच्या रेषेतच, ऐरणीवर धरून सेंटर पंचाचा ठोका. दोन्ही बाजूंनी, हलका, आरपार नको. तिथलं पोलाद दाबलं जातं आणि चीर पुढे सरकत नाही. पंच मारलेली चीर रोज बघायची. ठोक्याच्या पुढे गेली की संपलं.

12 मिमीच्या दोन्ही कापून काढा. चार दातांच्या अंतरावर आहेत म्हणजे एकच तुकडा निघेल, ते बरंच आहे. दोन जोड शेजारी नकोत.

पण तुमच्याकडे सगळा पट्टाच जाड आहे, आणि निळा पडलेला. यावर मजुरी घालावी का, हा विचार करा. मी तरी 3-4 मिमीच्या पाचांना पंच मारून, खोबणी 0.5 मिमीने घासून, आंबा-फणस संपवायला ठेवीन आणि ऐनासाठी 20 गेजचा नवा आणीन. तुमच्याकडच्या नवीन माणसाला जोड मारण्याचा सरावही याच पट्ट्यावर द्यावा.

मिस्त्री_कुडाळ

जोडाची कृती लिहून ठेवतो, बऱ्याच जणांना लागते.

पट्टा कापायचा तो दाताच्या पाठीवर, मधोमध, खोबणीत नाही. गुण्याने (काटकोनाच्या पट्टीने) रेघ मारून बरोबर 90 अंशांत. जोड एकावर एक येणार म्हणून जोडाची लांबी धरून कापा, नाहीतर तिथे एक दात आखूड पडतो आणि प्रत्येक चकरीला ठोका ऐकू येतो. जोडाची लांबी जाडीच्या दहा ते बारापट, 20 गेजला 10-11 मिमी. दोन्ही टोकं तेवढ्या लांबीत उतरती घासायची, टोकाला कागदासारखी पातळ. एकाचा उतार वरून, दुसऱ्याचा खालून. एकमेकांवर ठेवल्यावर जाडी मूळ पट्ट्याएवढी व्हायला हवी आणि मध्ये उजेड दिसता कामा नये.

यानंतर त्या जागेला बोट लावायचं नाही. बोटाच्या तेलाने चांदीचा टाका धरत नाही. टाकणखाराची पाण्यात कालवलेली पातळ लापशी दोन्ही उतारांना लावा, मध्ये 0.1 मिमी जाडीचा चांदीच्या टाक्याचा पत्रा, जोडाएवढाच कापलेला. पट्टा शिकंज्यात असा बांधा की पाठ एका सरळ पट्टीला टेकलेली राहील. इथे अर्धा मिमी वाकडं गेलं तर पुढे हातोडीने निस्तरत नाही.

तापवायचं ते लाल तापलेल्या लोखंडी ठोकळ्यांनी वर-खाली दाबून, किंवा गॅसने. गॅसने करत असाल तर ज्योत मवाळ ठेवा, ऑक्सिजन जास्त नको, आणि एका जागी रोखून धरू नका. टाका 650 ते 700 अंशांच्या दरम्यान वितळतो, पट्टा मंद लाल दिसतो. कडेने चांदीची रेघ चमकली की ज्योत काढून लगेच दाबून धरा, लाली जाईपर्यंत. पाणी मारायचं नाही, फुंकरही नाही. पाणी मारलेला जोड हमखास शेजारी तुटतो. थंड झाल्यावर जोडाच्या दोन्ही बाजूंना निळा रंग येईपर्यंत पुन्हा हलका शेक द्या, म्हणजे कडकपणा उतरतो. मग कानशीने मूळ जाडीला आणा. मायक्रोमीटरने 0.05 च्या आत. जाड राहिला तर गाईडमध्ये ठोकतो, पातळ केला तर तिथूनच जातो.

चांदीच्या काही टाक्यांत कॅडमियम असतं, त्याचा धूर विषारी. विकत घेताना कॅडमियमविरहित मागा, आणि उघड्यावर काम करा.

सागफळी

रोलरखाली पट्टा ताणतात ते कशासाठी? 3 इंचीला लागतं का?

ऐरण_हातोडी

कापताना दातांकडची कड जास्त तापते, लांबते आणि ढिली होते. म्हणून पट्ट्याचा मधला भाग आधीच रोलरखाली घालून किंचित लांबवून ठेवतात, म्हणजे चाकावर चढल्यावर दोन्ही कडा घट्ट राहतात. खोबणीच्या तळापासून आणि पाठीपासून 15-20 मिमी सोडून रोलर फिरवायचा. तपासायला पट्ट्याचा हातभर भाग उचलून कमान करा आणि रुंदीवर छोटी सरळपट्टी आडवी ठेवा: मध्ये उजेडाची बारीक फट दिसली, कडा टेकल्या, की बरोबर. मध्ये टेकून कडा उचलल्या गेल्या तर तो पट्टा चाकावर नाचणार.

4 इंचांपुढे याशिवाय भागत नाही. 3 इंचीला अनेक ठिकाणी करतच नाहीत आणि मऊ मालात खपून जातं. ऐन रोज कापायचा असेल तर करून घ्या. पाठही अगदी सरळ नको, मीटरला पाव ते अर्धा मिमी फुगीर हवी, म्हणजे दातांची कड थोडी आखूड आणि जास्त ताणलेली राहते. दोन-तीन धारांनंतर हे पुन्हा बघावं लागतं, कारण खोबणी घासताना कडेचा धातू निघतो.

नवा पट्टा आणण्याआधी चाकंसुद्धा बघा. चाकाच्या रुंदीवर सरळपट्टी ठेवा. जुन्या चाकांना मध्ये खड्डा पडलेला असतो, त्यावर उत्तम पट्टाही सैरभैर होतो. चाक लेथवर घासून घेणं हाच उपाय.

भुसा_उडवा

बाभळीबद्दल राहिलं. रस्त्याकडेच्या आणि बांधावरच्या झाडात खिळे, तारा, पाट्यांचे हुक असतात. ओंडक्याच्या कापलेल्या तोंडावर निळसर-काळा डाग दिसला तर जवळपास आत लोखंड आहे, बाभूळ आणि ऐनासारख्या टॅनिन असलेल्या लाकडात लोखंड हा डाग सोडतंच. हातात धरायचा मेटल डिटेक्टर फिरवून घ्या. मुळाकडच्या दोन फुटांत माती आणि बारीक खडे सालीत रुतलेले असतात, ती साल आधी तासा किंवा पाण्याने धुवा. धार जाते ती बहुतेक या दोन फुटांतच.

खिळा लागलाच तर मशीन बंद, मेन स्विच खाली, चाक पूर्ण थांबेपर्यंत दार उघडायचं नाही. एका दाताचं टोक उडालं असेल तर फक्त त्यासाठी सगळे दात खाली घासू नका. तो दात पुढच्या दोन-तीन धारांत रांगेत येतो. पाच-सहा सलग उडाले तर तो तुकडा कापून जोड.

आणि पट्टा चढवताना-उतरवताना चामड्याचे हातमोजे, डोळ्यांना चष्मा. गुंडाळलेला पट्टा सोडताना तोंड दुसरीकडे, कारण तो एकदम उघडतो.

फळीफोड

सगळ्यांचे आभार. 10 मिमीचं ग्राइंडिंग चाक आणि लिव्हर दोन्ही करतोय. रुंद पट्टा शेवटी टाकायचा कधी, आणि नवा मागवताना लांबी किती सांगायची?

वखारकर

3 इंची पट्टा झिजून 2 इंचांवर आला की टाका. दर धारेला 0.3 मिमी धरलं तर हिशोबाने 80 धारा होतात, पण त्याआधी जोडच चार-पाच झालेले असतात, आणि दोन जोडांत तीन फुटांपेक्षा कमी अंतर राहिलं की मी पट्टा बाद धरतो. 2 इंचांखाली तो ताण धरत नाही आणि चाकावर मागे-पुढे सरकतो.

लांबीसाठी चाकाचा परीघ अधिक केंद्रांतल्या अंतराची दुप्पट: 113 अधिक 120 म्हणजे 233 इंच, 5.92 मीटर. पण हे वरचं चाक ज्या उंचीवर आहे तिथलं. नवा पट्टा वरचं चाक जवळजवळ पूर्ण वर असताना घट्ट बसेल असा मागवा, फक्त ताणायला आणि तापून लांबायला अर्धा-पाऊण इंच शिल्लक ठेवा. म्हणजे पुढे जोडात तुकडे निघत गेले की चाक खाली घ्यायला जागा राहते. एका जोडात चिरेचा तुकडा आणि वर चढणारा भाग धरून पट्टा दोन-तीन इंच सहज आखूड होतो, आणि चाक त्याच्या निम्मं खाली येतं.

चिठ्ठीवर लिहा: लांबी मिमीत, रुंदी 76, जाडी 0.9, दात 32 वर, हुक 15, दात फाकवलेले हवेत की न फाकवता नुसते पाडलेले. आणि पट्टा ताब्यात घेताना खिशात मायक्रोमीटर ठेवा.